मदत हवी आहे : ‘सर्फ निंजाज’ची डीव्हीडी इथे चालेल का?

नमस्कार मंडळी,

१९९३ सालचा ‘सर्फ निंजाज’ हा अमेरिकी चित्रपट माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला दाखवायचा आहे. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर लाटांवर सर्फिंग करत हुंदडणाऱ्या दोन भावांना आपण पातुसान नावाच्या काल्पनिक राज्याचे राजपुत्र असल्याचे अचानक कळते, आणि मग मारामारी व विनोद हातात हात घालून चालू लागतात. धाकट्याच्या हातातल्या ‘गेम गिअर’च्या (हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या) चिमुकल्या पडद्यावर पुढे घडणारे आधीच दिसते, हा भाग भाच्याला नक्की आवडेल. थोरल्याचे काम करणारा अर्नी रेयेस ज्युनियर आणि त्याचे खरे वडील अर्नी रेयेस सीनियर हे दोघेही मार्शल आर्ट्समध्ये मुरलेले असल्याने हाणामारी खोटी वाटत नाही. लेस्ली नील्सनचा खलनायक मात्र मला जरा ताणलेला वाटला.

मावसभावाने अमेरिकेहून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटला पावसाळ्यात बुरशी धरली आहे. अशी फीत स्वच्छ करून तिचे डिजिटल रूपांतर करून देणारे कोणी पुण्यात अजून आहे का? ते जमत नसेल तर तिकडची डीव्हीडी मागवावी म्हणतो. पण डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणाऱ्या विभागांपैकी ती विभाग १ची असते आणि आपल्याकडचे प्लेअर विभाग ५चे, तेव्हा सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर कुणी प्रत्यक्ष वापरला असल्यास कृपया त्याचे मॉडेल कळवावे. भाच्याला इंग्रजी उपशीर्षके भरभर वाचता येत नाहीत, म्हणून हिंदीत डब केलेली अधिकृत प्रत कुणाच्या पाहण्यात असेल तर तेही सांगावे.