मदत हवी आहे: गँगमधल्या डायव्हर पोरांना मेडिकचं ट्रेनिंग द्यायचंय, कोणाला पाठवू आणि बोटीवर काय ठेवू?

जेट्टीवाला_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एका छोट्या डायव्हिंग कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. जेट्टीचे खांब तपासणं, जहाजाचा तळ घासणं, पंख्यात अडकलेला दोर नाहीतर जाळं कापणं, कधी पाण्याखाली वेल्डिंग-कटिंग, असलं काम. दाभोळ, जयगडपासून खाली विजयदुर्गपर्यंत कुठूनही बोलावणं येतं.

गेल्या सीझनला ओळखीच्या दुसऱ्या गँगमधला एक मुलगा हरवलेला नांगर शोधायला खोलात दोनतीनदा उतरला आणि वर आल्यावर खांदा दुखतोय म्हणाला. सगळ्यांना वाटलं दोर ओढून भरला असेल, गोळी दिली, झोपवला, रात्री पायाला मुंग्या आल्या, पहाटे लघवी होईना, मग गाडी करून घाट चढून वर नेला आणि पोचेपर्यंत पाय उचलेना. आज चालतो पण एक पाय ओढत. बोटीवर सहा माणसं होती, सगळी जिवाला जीव देणारी, पण बेंड्स (खोलातून वर आल्यावर अंगात बुडबुडे होऊन होणारा आजार) ओळखणारं एकही नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे की आपल्या किनाऱ्यावर डॉक्टर आणि चेंबर (दाब वाढवून डायव्हरवर उपचार करतात ती बंद टाकी) गाठेपर्यंतचे तास डायव्हरच्याच हातात असतात, तर ते हात शिकलेले पाहिजेत.

मालक दोघांचा खर्च द्यायला तयार झालेत. आता प्रश्न असे की एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या आंतरराष्ट्रीय ट्रेनिंगमधलं) फर्स्ट एड पोरांनी केलंय ते पुरतं का डायव्हर मेडिकचा वेगळा कोर्स लागतोच? पाठवू कोणाला, सगळ्यात चांगल्या डायव्हरला, टेंडरला (वरून डायव्हरचा दोर-नळी सांभाळणाऱ्याला) का मी स्वतःच जाऊ? आणि पोरं दहावी-बारावी मराठी मीडियमची आहेत, झेपेल का? अनुभवी लोकांनी प्लीज सविस्तर लिहा.

सॅटवाला_काका

जेट्टीवाले, प्रश्न योग्य वेळी विचारलात. मी बरीच वर्षं मुंबई हायवर सॅचुरेशनमध्ये (म्हणजे सॅट, दिवसच्या दिवस दाबाखालच्या चेंबरमध्येच राहून डायव्हिंग) काढली, आता गुहागरला घरी असतो.

एसटीसीडब्ल्यूचं फर्स्ट एड चांगलंच आहे, ते वाया नाही, पण ते खलाशासाठी आहे. डायव्हर मेडिक टेक्निशियन म्हणजे डीएमटी वेगळं. त्यात बेंड्स, फुफ्फुस फाटून हवेचा बुडबुडा मेंदूत जाणं, मज्जासंस्थेची तपासणी, सलाइन लावणं, टाके, कॅथेटर, छातीत अडकलेली हवा सुईने काढणं हे सगळं येतं आणि मुख्य म्हणजे दाबाखाली, चेंबरच्या आत ते कसं करायचं ते येतं. एक उदाहरण देतो. कॅथेटरचा फुगा बाहेर काही जण हवेने भरतात, चेंबरमध्ये तो पाण्यानेच भरायचा, कारण दाब वाढला की हवा आकसते आणि कॅथेटर निसटतं. सलाइनच्या ड्रिप चेंबरमधली हवा पण तशीच कमी-जास्त होते, लक्ष ठेवावं लागतं. हे साध्या हॉस्पिटलात कोण शिकवणार?

डायव्हरलाच का शिकवायचं याचं उत्तर सॅटमध्ये राहिलेल्याला सांगावं लागत नाही. आत माणूस जखमी झाला तर बाहेरचा डॉक्टर काचेतून बघतो, आतल्याला बाहेर यायला काही दिवसांचं डीकम्प्रेशन लागतं, म्हणजे हात लावणार फक्त शेजारच्या बंकवरचा. २७ जुलै २००५ आठवा. समुद्र सुरक्षा जहाजावरच्या एका जखमी स्वयंपाक्याला बास्केटने प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ नेलं, ते रायझरला (प्लॅटफॉर्मच्या तेल-गॅसच्या उभ्या पाइपला) धडकलं, आग लागली, २२ माणसं गेली. आणि जहाज सोडलं तेव्हा सहा सॅट डायव्हर चेंबरमध्येच राहिले होते, त्यांना दीडेक दिवसाने सोडवलं. जखमी माणूस हलवणं हेच केवढं मोठं काम आहे ते त्या दिवशी कळलं, म्हणून जागच्या जागी उपचार करणारा माणूस हवा.

पाठवायचं कोणाला? तुम्ही स्वतः शिका जरूर, पण कामावरचे मेडिक तुम्ही नको. सुपरवायझरने पॅनल आणि फोन सोडून पेशंटपाशी बसायचं नसतं, पाण्यात दुसरा माणूस असू शकतो. मेडिक दाबाखाली जायला फिट पाहिजे म्हणजे डायव्हरपैकीच हवा. आणि दोन हवेत, कारण पडणारा माणूस मेडिकच असला तर? त्या दोघांना एकाच वेळी पाण्यात सोडू नका, झालं.

सर्टिफिकेट साधारण २ वर्षं चालतं, मग रिफ्रेशर. कोर्स आयम्काच्या (IMCA, ऑफशोअर कॉन्ट्रॅक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना) मान्यतेचा आहे का ते आधी बघून घ्या, नाहीतर उद्या पोराला ऑफशोअर जायचं झालं तर कागद चालणार नाही. इंग्रजीची काळजी नको, प्रॅक्टिकल जास्त असतं, फक्त शरीराच्या अवयवांची नावं आधी महिनाभर घोकून घ्या.

बार्ज_तांडेल

काका म्हणतात ते मुंबई हायला ठीक. आपल्याकडे जेट्टीला भरतीला दहा-बारा मीटर पाणी, तिथे बेंड्स होतंय कशाला? उगाच पोरांचे पंधरा दिवस आणि मालकाचे पैसे. एक बॉक्स आणि १०८ चा नंबर बास.

सिस्टर_राजापूर

तांडेलदादा, राग मानू नका पण दहा मीटरवरून श्वास रोखून वर आलेल्या माणसाच्या छातीतली हवा दुप्पट होते, फुफ्फुस त्यालाच फाटतं. त्याला खोल पाणी लागतच नाही, आणि वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत माणूस बेशुद्ध पडू शकतो, झटका आल्यासारखा. शिवाय हाय-प्रेशर वॉटर जेटने तळ घासताना हाताला लागलं तर वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस फाटलेलं असतं, घाण पाणी खोल गेलेलं असतं. आमच्याकडे असा पेशंट नुसती पट्टी मागत येतो. बरोबर आलेल्या माणसाने "हे जेटचं आहे" एवढं सांगितलं तरी आम्ही सरळ सर्जनकडे पाठवतो.

आता ऑक्सिजनचं बोलते कारण इथेच सगळे कमी पडतात. बेंड्सचा संशय आला की मास्कने मिनिटाला १५ लिटर, १०० टक्के, लगेच, आणि दुखायचं थांबलं तरी काढायचा नाही. छोटा बी टाइप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा, म्हणजे १०० मिनिटं. तेवढ्यात तुम्ही राजापूरहून संगमेश्वरच्या पुढे फारसे जात नाही. जंबो डी टाइप ७००० लिटरचा, तो पावणेआठ तास पुरतो. १०८ वाल्यांना फोन करतानाच सांगा की डायव्हर आहे, सलग ऑक्सिजन लागणार, वाटेत सिलिंडर बदलायची सोय करा.

दुसरं म्हणजे घाट. आपल्याकडे सवय आहे, मोठं काही झालं की कोल्हापूर. बेंड्सच्या पेशंटला हे वाईट. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगातले बुडबुडे फुगतात, हेलिकॉप्टरने नेतानासुद्धा ३०० मीटरच्या खाली ठेवायला सांगतात, आणि कोल्हापूर शहरच साडेपाचशेच्या आसपास आहे, आंबा घाट त्याहून वर. मुंबई-गोवा हायवेला पण चढ आहेत पण एवढे नाहीत, आणि कशेडीला आता बोगदा झालाय. त्या मुलाचं वाचून म्हणूनच वाईट वाटलं. पेशंटला आडवा ठेवा, बसवू नका, शुद्धीवर असेल तर पाणी पाजा, आणि वेदनेसाठी एन्टोनॉक्स कोणी देत असेल तर नको म्हणा, त्यातला नायट्रस ऑक्साइड बुडबुड्यात शिरतो.

सॅटवाला_काका

सिस्टर, फार मोलाचं लिहिलंत. पाण्यात परत उतरवून "बरं करणं" हा प्रकारही सांगून ठेवतो, काही जुने लोक अजून करतात. करू नका. खरा उपचार चेंबरमध्ये, १८ मीटरच्या दाबावर, २० मिनिटं ऑक्सिजन ५ मिनिटं हवा, मग ९ मीटरवर, सगळं मिळून पावणेपाच तास. तो खाडीत होत नाही. चेंबर कोणता ते मात्र आजच फोन करून ठरवा, रात्री ऑपरेटर असतो का, आत अटेंडंट जाऊ शकतो का. जखमा भरायला वापरतात ती एकट्याची काचेची नळी वेगळी. डायव्हिंग मेडिसिनमधले जाणकार म्हणाल तर कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी हॉस्पिटलात नेव्हीचं इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. समुद्रात असाल तर कोस्ट गार्ड १५५४ आणि व्हीएचएफ चॅनेल १६.

मालवणी_पाणबुडो

बाबा तुझो विचार लय बरो आसा. पण एक सांगतंय ता आयक. आमच्या पोरांनी कोर्स केल्यानी, सर्टिफिकेटा फ्रेम केल्यानी, आणि किट ऱ्हवला ऑफिसात कुलपात. चावी खंय ता कोणाक म्हायत नाय. किट बोटीर होया, आणि म्हयन्याक एकदा तरी उघडून बघूक होया.

जेट्टीवाला_रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मालकांना धागा वाचून दाखवला. असं ठरतंय की टेंडरकीतून वर आलेला एक शांत मुलगा आहे, वही नीट लिहितो, वेळा टिपून ठेवतो, तो आणि एक स्टँडबाय डायव्हर असे दोघं जातील. पाण्यात सगळ्यात भारी असलेल्याला नाही पाठवत, तो शिफ्टला कायम खालीच असतो. पावसाळ्यात तसंही काम बंद असतं, तेव्हाच कोर्स, म्हणजे दर दोन वर्षांनी रिफ्रेशरही पावसाळ्यातच पडेल.

जंबो सिलिंडर आणि दोन मास्क उद्या बघतो. बोट छोटी आहे म्हणून जंबो जेट्टीवर गाडीत आणि बी टाइप दोन नग बोटीवर. तांडेल, तुम्हालाही म्हणतो, तुमच्या बार्जवर निदान एक ठेवा, लागला तर आम्हीही धावत येऊ.

सिस्टर, एक विनंती. पोरं कोर्सहून आली की हात विसरू नये म्हणून महिन्यातून एखादा दिवस तुमच्याकडे सलाइन लावणं, बीपी बघणं असं उभं राहून शिकता येईल का? कोणाची परवानगी लागते?

सिस्टर_राजापूर

मेडिकल सुपरिंटेंडंट साहेबांच्या नावे अर्ज द्या, कंपनीच्या लेटरहेडवर, पोरांच्या कोर्सची झेरॉक्स जोडून. मी स्वतः साहेबांशी बोलते. सुरुवातीला नुसतं बघायला मिळेल, सुई लगेच हातात देणार नाही, पण या. आणि येताना तुमचं किट घेऊन या, त्यातलं काय एक्स्पायर झालंय ते बघून देते.