पार्टिशन पाडायचं, की फाळणी करायची?

उसाचा_फड:
घरातला जुना डेस्कटॉप कागल तालुक्यातल्या एका शाळेला द्यायचाय. ५०० जीबीची डिस्क, त्यावर सी, डी, ई. ते मोडून दोनच ड्राइव्ह करणार आहे आणि काय केलं ते गुरुजींना मराठीत लिहून देणार आहे. शब्दांवर गाडी अडली. पार्टिशनला 'फाळणी' चालेल? फॉरमॅटला 'स्वरूपण' वाचलंय, पण ते मलाच कळत नाही.

महाद्वार:
फाळणी नको राव. १९४७ नंतर तो शब्द ऐकला की देशच आठवतो. गंमत बघा, जमिनीचे तुकडे पाडायला बंदी घालणारा आपला कायदाही त्याच सालचा, आणि तुम्हाला हवे ते शब्द सातबाराच्या दुनियेत तयार पडलेत. भावाभावांत वाटणी झाली तरी रान जागचं हलत नाही, कागद बदलतो. डिस्कचंही तसंच. म्हणून 'वाटणी', प्रत्येक तुकडा 'हिस्सा', आणि तुम्ही करताय ती 'फेरवाटणी'.

राजारामपुरी_रिपेअर:
दुकानात वाटणी कोण म्हणत नाही हो. "दोन पार्टिशन पाडून द्या" म्हणत्यात, जसं प्लॉट पाडत्यात. आणि फॉरमॅट 'मारत्यात'. रंग मारतो, औषध मारतो, तसं फॉरमॅट मारलं. क्रियापद आपलं आहे, बास की.

महाद्वार:
'पाडणे' मान्य, झकास आहे. पण 'हिस्सा' सोडणार नाही, कारण त्याच्यामागून 'पोटहिस्सा' येतो. वाटणी नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत वाटणीचा तक्ता असतो जेमतेम ६४ बाइटांचा, एका नोंदीला १६. म्हणजे मूळ हिस्से चारच. जास्त हवे असतील तर त्यातला एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह पाडायचे. हे पोटहिस्सेच झाले की! जीपीटी या नव्या पद्धतीत विंडोज १२८ हिस्से देतं, तिथं ही भानगडच उरली नाही.

अभ्यासिका:
'रिकामी जागा' लिहिताना मात्र सांभाळा. डी ड्राइव्हमध्ये फायली नसल्या तरी ती जागा डीच्याच नावावर असते. अनअलोकेटेड म्हणजे जी कुणाच्याच हिश्श्यात नाही ती, तिला 'बिनवाटपाची' म्हणा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवायचा तर त्याच्या लगत उजवीकडे बिनवाटपाची जागा लागते. ई पुसून शेवटी कितीही जागा केली तरी मध्ये डी उभा असेल तर 'एक्स्टेंड' उमटतच नाही, आणि मग लोक संगणकाला शिव्या घालतात.

उसाचा_फड:
अगदी तिथंच अडकलो होतो. मग डीपण काढतो, त्यातले फोटो आधी पेनड्राइव्हवर घेऊन. आणि फॉरमॅटला 'कोरी करणे' लिहू का?

राजारामपुरी_रिपेअर:
ते नका लिहू! क्विक फॉरमॅटनं डिस्क कोरी होत नाही. फाइल सिस्टिमची नोंदवही नवी होते, जुना डेटा खाली तसाच असतोय, त्याच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं की फोटो वर येत्यात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर व्हिस्टापासून पुढं विंडोज सगळीकडं शून्यं लिहितंय. त्याआधीच्या विंडोज एक्सपीत पूर्ण फॉरमॅटसुद्धा नुसते खराब सेक्टर तपासायचं. तेव्हा मशीनवर एक्सपी असंल तर डिस्क काढून नव्या विंडोजला जोडा आणि मग मारा. वेळ लागंल, चहा पिऊन या.

अभ्यासिका:
म्हणजे शब्दही दोन लागतील. क्विकला 'वरवरचं फॉरमॅट', दुसऱ्याला 'पूर्ण फॉरमॅट'. 'स्वरूपण' कोशात राहू दे, गुरुजींना पडद्यावर फॉरमॅटच दिसणार आहे.

महाद्वार:
बरोबर. फक्त 'हिस्सा' ठेवा.

राजारामपुरी_रिपेअर:
ठेवा, पण कंसात पार्टिशन लिहा. नाहीतर बिघडलं की गुरुजी फोनवर "हिस्सा उडाला" म्हणणार आणि आमचं पोरगं त्यांना तलाठ्याकडं पाठवणार.