गवती चहाला वाफेची भट्टीच बरी, महागड्या यंत्रांचा नाद सोडा

मळेकरी: परवा मेळाव्यात एक वक्ते म्हणाले, सुगंधी तेल काढायचं तर आता कार्बन डायऑक्साइडचंच यंत्र, वाफेची भट्टी जुनी झाली. मला अजिबात पटलं नाही. तेल विरघळवून घ्यायला तो वायू ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली ठेवावा लागतो. तेवढा दाब सोसणारी पोलादी टाकी कुठल्या शेतकरी गटाला परवडणार? गवती चहाचं काम वाफेवर भागतं. गवत कापून दिवसभर मलूल होऊ द्यायचं, टाकीत दाबून भरायचं, दोन-तीन तास वाफ सोडायची. तेल पाण्यावर तरंगतं, पिवळंधमक. त्यात ७०-८० टक्के सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक. उरलेला चोथा वाळवला की पुढच्या खेपेचं जळण झालं.

निळाई: गवताबद्दल मान्य, पण यंत्राला सरसकट नावं ठेवू नका. मी शेवाळावर काम करते. हिमॅटोकॉकस नावाच्या शेवाळातलं अस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य वाफेबरोबर उडतच नाही, आणि त्याच्या पेशीचं कवच भलतंच चिवट. आधी कवच फोडायचं, मग हेक्झेनसारखा पेट्रोलियमपासूनचा द्रावक, नाहीतर तुमचं हे नावडतं यंत्र. खाण्यात जाणाऱ्या वस्तूत हेक्झेनचा अंशही राहायला नको, असं माझं ठाम मत आहे. वायूचं तसं नाही, दाब काढला की तो निघून जातो.

मळेकरी: मग स्पिरुलिना शेवाळाचा निळा रंगही त्याच यंत्रातून?

निळाई: नाही, तिथे ते यंत्र कुचकामी. तो निळा रंग म्हणजे फायकोसायनिन, ते पाण्यात उतरतं. आम्ही ओलं शेवाळ रात्री गोठवतो, सकाळी वितळवतो. पेशी फुटतात आणि पाणी निळं होतं. नळी उजेडात तिरकी धरली की त्याच निळ्यातून लाल झाक दिसते. फक्त उष्णता लागू द्यायची नाही. ६० अंशांवर गेलं की रंग उतरायला लागतो. म्हणून आधी रेणू बघा, मग यंत्राचं ठरवा.

कोरडवाहू: रेणू बघाल, पण वाफ गार करायला पाणी देणारी विहीर कोण बघणार? आमच्या गटाने भट्टी घेतली. टनाला चार-पाच किलो तेल. गवत चारच एकर, म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस भट्टी रिकामीच. व्यापारी वास घेऊन भाव पाडतो, आणि आमच्याकडे सिट्रलचा तपासणी अहवाल नसतो. आता मी ताज्या जुड्या बांधून बाजारात देतो. भट्टीपेक्षा तेच बरं.

मळेकरी: चार एकरांवर भट्टी चालणार नाही, हे खरं. पण आसपासच्या गावांनी मिळून लागवड केली तर? अहवालाचा खर्चही वाटून घेता येईल. आणि पाणी टाकीतून फिरवून पुन्हा वापरता येतं.

कोरडवाहू: एप्रिलमध्ये फिरवून बघा. तासाभरात टाकीतलं पाणी कोमट होतं, वाफेचं पाणी करणारा कंडेन्सर गार राहत नाही. मग वास सगळ्या शिवारात आणि कॅनमध्ये तेल कमी.