मदत हवी आहे: दुपारी मोजलेला बोअर कस्टमरकडे १५ मायक्रॉन लहान कसा भरतो?

नमस्कार मंडळी, भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर (आतलं गोल भोक) ८० मिमी एच६ टॉलरन्सचा, म्हणजे ८०.००० ते ८०.०१९ चालतो. आपण डायल बोअर गेजने मोजतो, १ मायक्रॉनचा (मिमीचा हजारावा भाग) डायल, नेमकं माप माहीत असलेल्या स्टीलच्या सेटिंग रिंगवर झिरो करून. रिंग एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून कॅलिब्रेट केलेली आहे, सर्टिफिकेट चालू आहे. गेल्या लॉटला आमचं रीडिंग ८०.०१० ते ८०.०१३, एकदम आरामात मध्ये, आणि कस्टमरच्या सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) तेच जॉब, म्हणजे हाउसिंग, ७९.९९५-७९.९९८, २२ जॉब परत आले. पहिल्यांदा क्लॅम्पिंगवर (जॉब आवळून धरण्यावर) संशय आला, पण फिक्स्चरमधून काढून मोकळा जॉब मोजला तरी तेच, ओव्हॅलिटी (गोलाईतला फरक) २ मायक्रॉनच्या आत.

एक गोष्ट लक्षात आली, सकाळच्या शिफ्टचे जॉब पास होतात, परत येतात ते दुपारचेच. आणि मालक म्हणतात ऑपरेटरच गेज नीट धरत नाही. तो माणूस बारा वर्षं हेच काम करतोय हो, गेज बोअरमध्ये हळूच डोलवून सुई जिथे परत फिरते तेच रीडिंग घेतो, मी शेजारी उभं राहून बघितलंय. त्याच्यावर हे येऊ नये असं मनापासून वाटतं. काय तपासू?

प्रतिसाद १: दुपारी शॉपमध्ये टेम्परेचर किती असतं? रिंग कुठे ठेवता?

धागाकर्ता: काल ३ वाजता ३६ होतं. रिंग मशीनजवळच्या टेबलावर असते, जॉबच्या बाजूलाच.

प्रतिसाद १: मग ऑपरेटरला मोकळं करा. ड्रॉइंगवरचं माप २० डिग्रीचं असतं, जगभर तेच धरतात, आणि कस्टमरची सीएमएम रूमही २० वरच असणार. अ‍ॅल्युमिनियम मीटरला डिग्रीमागे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साडेअकरा. ८० मिमीला १६ डिग्रीत तुमचा बोअर २९ मायक्रॉन मोठा झाला आणि रिंग १५ च, फरक १४-१५, म्हणजे तुमचाच आकडा आला. दोन्ही स्टील असतं तर गरम असूनही फरक जाणवला नसता. आणि रिंग हातात धरून गप्पा मारायच्या नाहीत, हाताच्या उबेने ३ डिग्री चढली तरी झिरो पावणेतीन मायक्रॉन सरकतो.

एसी रूम लगेच होणार नाही तर याच हाउसिंगचा एक चांगला जॉब लॅबमध्ये २० डिग्रीला मोजून आणा आणि त्यालाच मास्टर (रिंगऐवजी झिरो करायचा नमुना) करा. मास्टर आणि मोजायचे जॉब एकाच लोखंडी प्लेटवर तासभर शेजारी ठेवा, मग झिरो करा. धुवून आलेला गरम जॉब लगेच मोजू नका.

धागाकर्ता: खूप आभार. परत आलेल्यातले सहा जॉब आज सकाळी ७ ला, शॉपमध्ये २६ असताना, त्याच गेजने त्याच ऑपरेटरकडून मोजून घेतले. त्या दुपारी जे ८०.०१२ होते ते आज ८०.००२, ८०.००३ दाखवतात. दोन्ही दिवसांची रीडिंग शेजारी लिहून मालकांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी स्वतः येऊन एक जॉब मोजला. आता मास्टर करतोय. फक्त एक सांगा, रोज गेज घालून अ‍ॅल्युमिनियमचा बोअर घासला जाईल ना, त्याला हार्ड अ‍ॅनोडायझिंग (कडक ऑक्साइडचा थर) करून मग लॅबला पाठवू का?

प्रतिसाद १: हो, आधी अ‍ॅनोडायझिंग, मग मोजमाप. उलट करू नका, थराने बोअर लहान होतो.