मदत हवी आहे: क्रोममधले सगळे बुकमार्क गायब, ऑफिसचं काम अडलंय

रानजाई
नमस्कार मंडळी. सकाळी क्रोम उघडलं तर वरच्या पट्टीवरचे माझे सगळे बुकमार्क गायब! द्राक्ष एक्स्पोर्टच्या नोंदणीचं ग्रेपनेट, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), दोन शिपिंग लाइनचं ट्रॅकिंग, लॅबच्या रिपोर्टचं पान, जीएसटी, बँक, सगळं फोल्डर करकरून लावलेलं होतं. आता पट्टीवर भलतंच काहीतरी दिसतंय. नवीन सेव्ह केलं तर तेही कुठे जाऊन बसतं कळत नाही. कंप्युटर बंद-चालू करून झाला. उद्या कंटेनर न्हावा शेव्याला निघायचाय आणि इथे घोडं बुकमार्कपाशी अडलंय. लवकर सांगा, आणि प्लीज "गूगल करून बघा" सांगू नका.

माऊसपकड
विंडोज कुठलं? क्रोममध्ये ईमेलने साइन इन केलेलं आहे का? कंप्युटर तुम्ही एकट्याच वापरता का? काल-परवा काही नवीन टाकलं का? आणि "भलतंच काहीतरी" म्हणजे नक्की काय? एवढं सांगितलंत तर पुढे बोलता येईल.

गोदाकाठचा भो
ताई, फायरफॉक्स टाका आणि निवांत व्हा. फायरफॉक्स बुकमार्कचे बॅकअप स्वतःहून काढून ठेवतो, एक-दोन नाही, पंधरा. कंट्रोल शिफ्ट ओ दाबायचं, इम्पोर्ट अँड बॅकअपमध्ये जायचं, रिस्टोअरमध्ये हवी ती तारीख निवडायची. विषय संपला.

माऊसपकड
अहो, त्यांचे बुकमार्क क्रोममधले गेलेत. आज फायरफॉक्स टाकला तर त्यात पंधरा बॅकअप येणार कुठून?

गोदाकाठचा भो
पुढच्या वेळी कामाला येईल ना भो.

रानजाई
विंडोजच आहे, साधं. क्रोम नेहमीचंच. नवीन काही टाकलेलं नाही. पट्टीवर कुठल्यातरी बाइकचे व्हिडिओ, क्रिकेटचा स्कोर असलं दिसतंय. अजून काय सांगू? मला फक्त माझे बुकमार्क परत हवेत.

पेठ रोड कंप्युटर
व्हायरस आहे. बाइकचे व्हिडिओ आपोआप येत नसतात. एखादा क्लीनर डाउनलोड करून फुल स्कॅन मारा, कॅश-कुकीज सगळं उडवा, क्रोम काढून परत टाका. तरी नाही जमलं तर विंडोज फॉरमॅट. मशीन घेऊन या, संध्याकाळपर्यंत करून देतो.

देवळाली कॅम्प
ताई, यातलं काहीही करू नका! क्रोम काढून टाकताना "ब्राउझिंग डेटाही काढू का" असं विचारतं. तिथे टिक लागली तर आज जे सापडण्यासारखं आहे तेही जाईल. आधी एकच करा. कंट्रोल एच दाबून हिस्ट्री उघडा. त्यात तुम्ही गेल्या आठवड्यात उघडलेली पानं दिसतात का?

हिरवा चहा
हिस्ट्री पुसायची असेल तर कंट्रोल शिफ्ट डिलीट. वर वेळ निवडायची, "ऑल टाइम" केलं की सगळं साफ. मी दर शुक्रवारी करतो, लॅपटॉप हलका चालतो.

माऊसपकड
इथे पुसायचं कोणी विचारलंय?

रानजाई
हिस्ट्रीतपण माझं काही नाही. ग्रेपनेट तर मी रोज उघडते. त्यात फक्त आज सकाळचं दिसतंय आणि खाली रात्रीचे कसले कसले व्हिडिओ.

देवळाली कॅम्प
मग बुकमार्क गेलेले नाहीत, तुम्ही दुसऱ्याच्या घरात बसल्या आहात. बुकमार्क आणि हिस्ट्री दोन्ही एका रात्रीत नाहीसं होतं आणि जागी दुसऱ्याचं दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा प्रोफाइल बदललेलं असतं. क्रोम सगळं प्रोफाइलप्रमाणे वेगळं ठेवतं: बुकमार्क, हिस्ट्री, पासवर्ड, एक्स्टेन्शन. विंडोजचं लॉगिन एकच असलं तरी आत क्रोमची प्रोफाइलं कितीही असू शकतात. उजवीकडे वर, तीन टिंबांच्या शेजारी, एक गोल आहे. त्यात कोणाचा फोटो किंवा कुठलं अक्षर दिसतंय?

रानजाई
स्वप्नातही नसलेल्या मुलाचा फोटो आहे. थांबा, हा आमच्याकडचाच मुलगा आहे. सीझनला रात्रपाळीसाठी पॅकहाउसला ठेवलाय, प्रीकूलिंगच्या (माल गार करण्याच्या) नोंदी करायला याच कंप्युटरवर बसतो.

माऊसपकड
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, कंप्युटर तुम्ही एकट्या वापरता का म्हणून.

रानजाई
दिवसा मी एकटीच वापरते हो.

कागदप्रेमी नाना
मी सर्व वेबसाइटचे पत्ते डायरीत लिहून ठेवतो. बँक लाल शाईने, बाकी निळ्या. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे पानही त्यातच आहे. डायरीला साइन इन लागत नाही.

गोदाकाठचा भो
नाना, डायरीला बॅकअप पण नसतो.

कागदप्रेमी नाना
झेरॉक्स आहे.

देवळाली कॅम्प
ताई, त्या गोलावर क्लिक करा. खाली दुसरी प्रोफाइलं दिसतील. तुम्ही कधी साइन इन केलं नसेल तर तुमचं "पर्सन १" किंवा असल्याच कुठल्यातरी बिननावी नावाने असेल. ते उघडा. नवीन खिडकी उघडेल, त्यात तुमची पट्टी असायला हवी. पट्टी दिसली नाही तर कंट्रोल शिफ्ट बी दाबा, ती नुसती लपवलेलीही असते. आणि कोणी कितीही सांगितलं तरी त्या यादीतलं कुठलंही प्रोफाइल डिलीट करू नका.

पेठ रोड कंप्युटर
त्या पोराचं जादा प्रोफाइल उडवलं की झालं ना. मुळावरच घाव.

देवळाली कॅम्प
आणि ताईंनी आज सकाळपासून त्याच प्रोफाइलमध्ये जे सेव्ह केलंय त्याचं काय? प्रोफाइल उडवलं की त्यातले बुकमार्क या मशीनवरून गेले. आधी बाहेर काढून घेऊ द्या.

रानजाई
आले!!! सगळे आले! ग्रेपनेटपासून बँकेपर्यंत जसेच्या तसे. आता सकाळी सेव्ह केलेली पानं इकडे कशी आणायची? ती मला तिकडेपण पट्टीवर दिसत नाहीयेत. पत्त्याशेजारचा तारा मात्र निळा झालाय.

माऊसपकड
तारा भरलेला दिसतो म्हणजे बुकमार्क नक्की झालाय, फक्त पट्टीवर गेलेला नाही. ज्या फोल्डरमध्ये शेवटचा बदल झाला असेल, क्रोम सहसा तिथेच नवीन बुकमार्क टाकतं. त्या मुलाने शेवटचं एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये सेव्ह केलं असेल, तर तुमचं फायटोही तिथेच. कंट्रोल शिफ्ट ओ दाबून मॅनेजर उघडा आणि वरच्या चौकटीत नाव शोधा. यापुढे कंट्रोल डी दाबल्यावर जी छोटी चौकट येते, तिच्यात फोल्डरचं नाव बघून मगच डन म्हणा. निम्म्या लोकांचे "हरवलेले" बुकमार्क त्या चौकटीतच हरवतात.

रानजाई
सापडलं. "मोबाइल बुकमार्क" नावाच्या फोल्डरमध्ये, "बुलेट सायलेन्सर"च्या खाली फायटो. धन्य आहे.

देवळाली कॅम्प
मोबाइल बुकमार्क? म्हणजे त्याने नुसतं साइन इन केलेलं नाही, सिंकही चालू आहे. त्याच्या फोनमधले बुकमार्क तुमच्या मशीनवर आलेत, तसे तुमचे सकाळचे त्याच्या फोनवर गेलेत. बुकमार्कचं सोडा, आता खरं सांगा: सकाळपासून त्या खिडकीत कुठे लॉगिन केलंत का, आणि "पासवर्ड सेव्ह करू का" असं विचारल्यावर काय दाबलं गेलं?

रानजाई
जीएसटीचा सेव्ह झालाय. बँकेची साइट सेव्ह करू देतच नाही.

देवळाली कॅम्प
जीएसटीचा पासवर्ड आत्ता बदला, जेवण नंतर. सिंक चालू असेल तर तो पासवर्ड त्याच्या अकाउंटमध्ये गेला, मग त्याच्या फोनमध्येही. त्या प्रोफाइलमधून नोंद पुसाच, पण तेवढ्यावर भागणार नाही, पासवर्ड बदलायलाच हवा. मुलगा भला असेल, प्रश्न तो नाही. उद्या त्याचा फोन चोरीला गेला तर?

हिरवा चहा
बापरे. हे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात तर सेक्रेटरी आणि वॉचमन एकाच क्रोममध्ये असतात.

रविवार कारंजा
पण मुळात ऑफिसच्या मशीनवर साइन इनच का करावं? मी सिंक कायम बंद ठेवतो. सगळं आपल्या डिस्कवर.

माऊसपकड
आणि डिस्क बसली की? ताईंनी ऑफिसच्या मेलने साइन इन करावं आणि सिंक लावावं. म्हणजे मशीन बदललं तरी बुकमार्क हजर.

रविवार कारंजा
सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हो. एका ठिकाणी चुकून फोल्डर पुसला की पाठोपाठ सगळीकडून पुसला जातो. माझ्या मेव्हण्याने फोनवर "पसारा आवरला" आणि घरच्या लॅपटॉपवरचे तीन वर्षांचे रेसिपीचे फोल्डर साफ! बहिणीने अजून माफ केलेलं नाही.

देवळाली कॅम्प
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दोन्ही करायचं. सिंक लावा, आणि महिन्यातून एकदा मॅनेजरमधल्या तीन टिंबांतून एक्स्पोर्ट करा. एचटीएमएलची एक फाइल मिळते, तशी अगदी लहान. ती पेनड्राइव्हवर किंवा स्वतःला मेल करून ठेवा. गंमत म्हणजे ती नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव दिसतं. ब्राउझर कधीच गेला, त्याची फाइलची पद्धत मात्र सगळे वापरतात, म्हणून क्रोमची फाइल फायरफॉक्स आणि एजलाही चालते.

ताई, सकाळची पानं आणायलाही हाच रस्ता आहे. पण चार-दोनच असतील तर सरळ पत्ता कॉपी करून तुमच्या खिडकीत उघडा आणि कंट्रोल डी. एक्स्पोर्ट-इम्पोर्ट केलंत तर बुलेटचा सायलेन्सरही "इम्पोर्टेड" नावाच्या फोल्डरात बसून येईल.

गोदाकाठचा भो
फायरफॉक्समध्ये पण प्रोफाइलं असतात, सांगून ठेवतो.

जुना डबा
माझ्याकडे विंडोज ७ आहे, क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. माझे बुकमार्कपण मागे असेच गेले होते. फोल्डरमध्ये बॅक नावाची फाइल असते म्हणतात, ती कुठे?

माऊसपकड
विंडोज ७ साठी १०९ हेच शेवटचं क्रोम, पुढे जाणारही नाही. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं इंग्रजीत टाइप करा. त्या पानावर "प्रोफाइल पाथ" दिसेल. पहिलं प्रोफाइल "डिफॉल्ट" नावाच्या फोल्डरमध्ये असतं, पुढचं "प्रोफाइल १" मध्ये. आत "बुकमार्क्स" नावाची फाइल आहे, एक्स्टेन्शन नसलेली, आणि शेजारी तिचीच डॉट बॅक. क्रोम पूर्ण बंद करायचं, दोन्ही फाइली डेस्कटॉपवर कॉपी करायच्या, मग बॅकवालीचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेवायची. पण ही बॅक एकच असते आणि क्रोम तिच्यावर नवी लिहीत राहतं. मागे म्हणजे महिन्यापूर्वीचं असेल तर आशा सोडा.

जुना डबा
दोन वर्षं झाली.

माऊसपकड
मग सोडाच.

पेठ रोड कंप्युटर
तरी म्हणतो, एकदा मशीन दाखवून घ्या. पिंपळगावला आमचा माणूसपण येतो.

रविवार कारंजा
पेठ रोडवरून निघून नाशिकचा द्वारका चौक ओलांडेपर्यंत ताईंचा कंटेनर बंदरात पोहोचलेला असेल.

हिरवा चहा
द्वारकेचं नाव काढू नका. काल मुंबई नाक्यापासून जे अडकलो ते

देवळाली कॅम्प
द्वारकेसाठी वेगळा धागा आहे.

रानजाई
जीएसटीचा पासवर्ड बदलला. मुलाला फोन करून उठवला, बिचारा झोपेत "सॉरी मॅडम" म्हणाला. आता एकच राहिलंय. मेलच्या सॉफ्टवेअरमधून लॅबची लिंक उघडली की पुन्हा त्याचीच खिडकी पुढे येते. माझी का नाही येत?

देवळाली कॅम्प
बाहेरून आलेली लिंक सहसा शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. त्याच्या खिडक्या सगळ्या बंद करा, तुमची एकदा पुढे आणा, मग लिंक उघडा. रात्री तो बसला की सकाळी पुन्हा तेच होणार. म्हणून गोलावर क्लिक करून प्रोफाइलं सांभाळायच्या पानावर जा आणि "सुरू होताना दाखवा" यावर टिक करा. रोज क्रोम उघडलं की आधी "कोण आहे" विचारेल. शिवाय तुमच्या प्रोफाइलला ठसठशीत रंग द्या, म्हणजे लांबूनही कळेल कोणाच्या खिडकीत आहात. त्याला त्याचं प्रोफाइल राहू दे, दोघं एकातच बसण्यापेक्षा ते चांगलं.

रानजाई
जांभळा दिला. लिंक बरोबर उघडली. लॅबचा रिपोर्टपण आलाय. देवळाली आणि माऊसपकड, दोघांचे मनापासून आभार. द्राक्षं खायला या, एक्स्पोर्टमधून काढलेली असतात पण गोड असतात.

गोदाकाठचा भो
मी पण येऊ का ताई? फायरफॉक्स घेऊन.

कागदप्रेमी नाना
ती एचटीएमएलची फाइल छापता येते का? मुलाच्या लॅपटॉपवर बरेच बुकमार्क आहेत, ते डायरीत चिकटवावे म्हणतो.

माऊसपकड
नाना, फाइलवर डबल क्लिक करा, ब्राउझरमध्ये उघडेल, मग कंट्रोल पी. पण कागदावर फक्त नावं येतील, पत्ते येणार नाहीत, कारण पत्ता नावाच्या मागे लपलेला असतो. पत्ते हवे असतील तर तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून छापा. पानं मात्र खूप जातील.