गुडघा बदलून ५ आठवडे, जखम परत ओली, ‘बघू आठवडाभर’ म्हणतात. डॉक्टरांकडे नेमकं काय मागायचं?

इंदिरानगर_नाशिक
सासूबाई, वय ६८, मधुमेह आहे. गंगापूर रोडच्या एका खासगी रुग्णालयात उजवा गुडघा बदलला. टाके काढले तेव्हा जखम कोरडी होती, आता खालच्या टोकाला पुन्हा पाणी येतंय, दिवसाला दोन गॉज भिजतात. सीआरपी (शरीरातली सूज, संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) तिसऱ्या आठवड्यात १८ होता, काल ४६ आला. ताप नाही. गुडघा गरम लागतो, जेमतेम ७० अंश वाकतो. कालच अँटिबायोटिकच्या ७ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्यात, अजून सुरू केलेल्या नाहीत. सर्जन चांगले आहेत, त्यांना दुखवायचं नाही, पण नुसतं थांबायलाही मन तयार नाही.

सूक्ष्मदर्शी
ताई, आठवडा थांबू नका. आजच सर्जनना फोन करा आणि विचारा, ‘गोळ्या सुरू करण्याआधी सांध्यातलं पाणी काढून तपासायचं का?’ सध्या सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातो आणि मग सहसा उतरत जातो. म्हणून ४६ या आकड्यापेक्षा १८ वरून ४६ झाला, हे जास्त बोलकं आहे. दोन्ही रिपोर्टवर एकक एकच आहे ना, तेही बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि त्यात दहापटीचा फरक पडतो. ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) मात्र काही महिने वाढलेला राहू शकतो, एकट्या त्याच्यावरून घाबरू नका.

आधी गोळ्या घेतल्या तर जंतू मरत नाहीत, फक्त दबतात. धातू आणि प्लास्टिकवर ते टाकीच्या भिंतीवर धरतो तसा बुळबुळीत थर धरतात, त्यात औषध नीट शिरत नाही. वर कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) काहीच उगवत नाही आणि कोणतं औषध चालेल ते कळायचा मार्ग बंद होतो. थंडी वाजून ताप आला, रक्तदाब घसरला किंवा रुग्ण गुंगीत गेला तर हा हिशेब बाजूला ठेवून थेट भरती करा, तिथे औषध थांबवता येत नाही.

पाणी निर्जंतुक पद्धतीनेच काढलं पाहिजे. थोडं पेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत, बाकीचं ब्लड कल्चरच्या बाटल्यांत. लॅबला कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा. नेहमीचं ५ दिवसांत बंद करतात आणि हळू वाढणारे जंतू निसटतात. क्षयाची तपासणीही त्याच नमुन्यावर होते का, विचारून घ्या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत दर मायक्रोलिटरला साधारण १०,००० पांढऱ्या पेशी आणि त्यात ९० टक्के न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असले तर संसर्गाचा संशय बळावतो. लॅबच्या छापील ‘नॉर्मल’शी तुलना करून निश्चिंत होऊ नका. आणि जखमेच्या तोंडावरून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर (स्वॅबवर) विसंबू नका, त्यात बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू येतात.

घाई कशासाठी ते सांगतो. संसर्ग लवकर सापडला तर सांधा उघडून धुतात, मधलं प्लास्टिक बदलतात, धातूचे भाग जागेवर ठेवता येतात. ही संधी साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या तीनेक आठवड्यांतच असते. उशीर झाला की सांधा काढून, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तुकडा बसवून, नंतर दुसरं ऑपरेशन अशी वेळ येऊ शकते.

फिजिओ_सिडको
निदान होईपर्यंत गुडघा जोर लावून वाकवू नका, कोणी वाकवू लागलं तर थांबवा. ७० अंश कमीच आहेत, पण भूल देऊन वाकवायचा निर्णय संसर्ग नाही हे कळल्यावरच घ्यायचा. घोटा हलवणं, बसल्या जागी मांडी आवळणं चालेल. पोटरी एकाच पायाची सुजली, दाबल्यावर दुखली, तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरेत गुठळी आहे का ते बघणारी सोनोग्राफी). दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा.

इंदिरानगर_नाशिक
फोन केला, उद्या बोलावलंय. पण समोर बसल्यावर शब्दच सुचत नाहीत.

कागदपत्रं_आधी
शब्द लिहूनच न्या. ‘डॉक्टर, संसर्ग नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं? पाणी काढायचं नसेल तर कारण केसपेपरवर लिहाल का? सीआरपी पुन्हा कधी करायचा, किती आला तर पुढचं पाऊल?’ आरोप नाही, नुसती विचारपूस. कारण लिहायची वेळ आली की डॉक्टरही पुन्हा एकदा विचार करतात, असं माझं ठाम मत आहे. जखमेचे रोज एकाच उजेडात काढलेले फोटो, तारखेसह, आणि रोजचे साखरेचे आकडे सोबत न्या. बोलायला घरचं एकच माणूस ठेवा, बाकीच्यांनी ऐकावं.

दुसरं मत घ्यायचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र ज्यांनी सांधा बसवला त्यांना सांगून जा, म्हणजे पुढचं एकमेकांशी बोलून ठरतं. बसवलेला सांधा काढून नवा बसवण्याची ऑपरेशनं नियमित करणाराच सर्जन गाठा. नाशिकमध्ये नाही जमलं तर मुंबई गाठता येते, पण कागद पूर्ण हवेत. ऑपरेशन नोट्स, डिस्चार्ज कार्ड, दिलेल्या औषधांचा तक्ता, एक्स-रेची सीडी, आणि इम्प्लांटची स्टिकर. स्टिकरवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. दुसऱ्या सर्जनला प्लास्टिकचा भाग मागवायला तेच लागतं, कारण एका कंपनीचा तुकडा दुसरीच्या धातूत बसत नाही.

कागद तोंडी मागू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. बिल बाकी आहे म्हणून अडवलं तर तेही लेखी मागा.

विमा असेल तर आजच टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेला) कळवा. डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांपर्यंत मिळतो ते पॉलिसीत असतं, बऱ्याच ठिकाणी ६० किंवा ९० दिवस. पुन्हा भरती झाल्यावर ‘आधीच्या शस्त्रक्रियेशी संबंधित गुंतागुंत’ असं डिस्चार्ज कार्डवर स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दावा उगाच लोंबकळतो.

सूक्ष्मदर्शी
एक राहिलं. उद्या निघण्याआधी विचारून घ्या की उपाशीपोटी यायचं का. लगेच थिएटरमध्ये धुवायचं ठरलं तर सकाळच्या चहा-बिस्किटामुळे सहा तास वाया जातात. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली तेही लिहून न्या. उपाशी ठेवायचं असेल तर मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं, हेही त्यांनाच विचारा.