मनीप्लांटची पानं मोठी होत नाहीत: आधार, माती, खत याबद्दल सल्ला हवा

शेवंती_ठाणे
ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे. सकाळी दोनेक तास कोवळं ऊन, नंतर दिवसभर चांगला उजेड. साधा हिरवा-पिवळा मनीप्लांट ८ इंची कुंडीत आहे, वेल सात-आठ फूट वाढून ग्रिलवरून खाली लोंबतेय. पानं तीन-चार इंचांचीच, आणि टोकाकडे आणखी बारीक होत चालली आहेत. हाच मनीप्लांट बागेत नारळावर चढलेला असतो तिथे पान सुपाएवढं दिसतं. कुंडीत निदान वीतभर पान येऊ शकेल का? नर्सरीत मिळते ती काथ्या गुंडाळलेली काठी पुरेल का? खत कोणतं, किती? घरात मांजर आहे, हेही सांगून ठेवते.

पेरापेराने
वीतभर पान कुंडीत नक्की येतं. पण आधी वेल लोंबती ठेवणं थांबवायला हवं. ही वेल मुळात चढणारी आहे. पेरापेरातून फुटणारी मुळं ओलसर, खरखरीत आधार पकडतात आणि वेल वर सरकते, तसतसं नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतं. लोंबत्या वेलीत उलटं होतं: दोन पेरांतलं अंतर वाढतं, देठ बारीक होतो, पान लहान येतं. झाडावर चढलेल्या वेलीची पानं दोन-तीन फुटांची होतात, कडेने चिरतातही. ते याच झाडाचं प्रौढ रूप आहे, वेगळी जात नाही. आधार नसेल तर नुसत्या खताने लोंबती वेल आणखी लांब होईल, पान मोठं होणार नाही.

नर्सरीतली काठी म्हणजे बहुतेक वेळा पाऊण-एक इंची पीव्हीसी पाइपवर काथ्याची दोरी. वेल उभी राहते, पण काथ्या तासाभरात वाळतो आणि मुळं आत जात नाहीत. घरी असं करा: प्लॅस्टिकचा थर असलेली अर्धा इंची चौकटीची जाळी घ्या. १० इंच रुंद आणि साडेतीन फूट उंच तुकडा गुंडाळून नळी केली की सुमारे ३ इंच व्यासाची होते. कडा झिप टायने बांधा. आत भिजवून पिळलेला स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरा, तीन फुटांना साधारण ४ लिटर लागतो. दाबून ठासू नका, हवा खेळली पाहिजे. नळी आधी कुंडीच्या तळाशी टेकवा, मग माती भरा. नंतर खुपसली तर डगमगते आणि मुळं तुटतात. कुंडी १० इंची, जड, तळाशी विटेचे तुकडे. ओल्या मॉसचं वजन वरून येतं, हलकी प्लॅस्टिकची कुंडी वाऱ्याने आडवी होते.

खोडाला पुढची-मागची बाजू असते. पानं एका अंगाने, मुळांचे तपकिरी कोंब दुसऱ्या अंगाने. कोंबांची बाजू मॉसला टेकवून पेराच्या जरा खाली जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधा. पान किंवा देठ बांधू नका. मुळांनी पकड घेतली की पट्ट्या काढा.

कोकणी_मळा
वरच्याशी सहमत, फक्त मॉसबद्दल थोडं वेगळं मत. स्फॅग्नम महाग पडतो आणि एकदा पूर्ण वाळला की पुन्हा भिजायला वेळ घेतो. नारळाच्या सोडणाचे अर्ध्या इंचाचे तुकडे आणि कोकोपीट (काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं भरलं तरी मुळं उत्तम धरतात. मात्र दोन्ही आधी बादलीत रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, असं तीनदा. सोडणात मीठ असतं, ते न काढता वापरलं तर पानांच्या कडा करपतात.

पेरापेराने
ठाण्याच्या दमटपणात सोडण चालेल. पुणे-नाशिकच्या उन्हाळ्यात ते फार लवकर वाळतं, तिथे मॉसच बरा. भरण काहीही असो, ते ओलं राहणं महत्त्वाचं. झाकणाला बारीक भोक पाडलेली बाटली नळीच्या डोक्यावर उलटी खोचली की पाणी हळूहळू झिरपतं. भोक इतकं बारीक हवं की अर्धा लिटर उतरायला काही तास लागतील.

माती_आणि_मुळं
माती बदला. नर्सरीच्या पिशवीतली चिकट लाल माती कुंडीत दगडासारखी बसते. काळी माती तर नकोच, पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते. मापाने सांगायचं तर ४ भाग पोयटा, ३ भाग धुतलेलं कोकोपीट, २ भाग परलाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) किंवा जाड वाळू, १ भाग चाळलेलं गांडूळखत, आणि १० इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड.

पाण्याचा वार ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, तिथवर कोरडं लागलं तरच तळातून निथळेपर्यंत द्या आणि बशीतलं पाणी ओता. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी गरज पडेल, पावसाळ्यात आठ-दहा दिवसही लागणार नाही. मनीप्लांट तहानेने क्वचित मरतो, बहुतेक वेळा मुळं कुजून मरतो. तहानलेला आणि मुळं कुजलेला, दोन्ही मलूल दिसतात, म्हणून पान पाहून पाणी देऊ नका, माती पाहा.

खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) एक लिटर पाण्यात १ ग्रॅम, मार्च ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीतच. थंडीत बंद. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर बसतो. दोन महिन्यांतून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार वाहून जाऊ द्या. चहाचा चोथा आणि दूध मात्र टाळा. माती आंबते, बारीक काळ्या माश्या होतात.

हिरवी_खिडकी
उजेडाबद्दल भर घालते. तुमची पूर्वेची गॅलरी या झाडाला उत्तम आहे. पश्चिमेचं ऊन मात्र पानावर पांढुरके-तपकिरी डाग पाडतं. पानावरचा पिवळा कमी होऊन सगळं हिरवं येऊ लागलं तर उजेड कमी पडतोय. पूर्ण हिरवा फाटा निघाला तर तो पेरावरून छाटा, तो जोमाने वाढून बाकी वेल मागे टाकतो.

पिवळ्या पानांनी घाबरू नका, पण कुठलं ते पाहा. तळाचं एखादं जुनं पान पिकणं स्वाभाविक. माती ओली असताना एकदम चार-पाच पिवळी झाली तर मुळं तपासा: पांढरी-फिकट असतील तर ठीक, काळी, लिबलिबीत, वास येणारी असतील तर स्वच्छ कात्रीने कापून कोरड्या मिश्रणात लावा.

पेराच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली भांड्याचा द्रव साबण घालून, ऊन उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. पानाची खालची बाजू विसरू नका.

माऊ_आणि_कुंड्या
मांजराचं गांभीर्याने घ्या. अळू खाजतो तो ज्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे, तेच मनीप्लांटमध्ये असतात, दोन्ही एकाच कुळातले. मांजराने चावलं तर लाळ गळते, तोंड-जीभ सुजते, उलटी होते. असं दिसलं तर तोंड पाण्याने पुसून पशुवैद्याकडे न्या. लोंबती वेल मांजराला खेळायला बोलावते, काठीवर बांधलेली कमी, पण कुंडी त्याच्या पोचेबाहेरच हवी. छाटताना हातमोजे घाला, चिकानेही खाज येते.

शेवंती_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. आता सात-आठ फुटांची वेल तशीच काठीला गुंडाळू की कापू? जुलै सुरू होतोय, हा काळ योग्य आहे का?

पेरापेराने
कापा. लोंबून वाढलेलं खोड बारीक असतं आणि जुनी पानं आता मोठी होणार नाहीत. शेंड्याकडचे चार-पाच पेरांचे तुकडे पेराच्या अर्धा इंच खाली छाटा, खालचं पान काढा आणि ते पेर पाण्यात बुडेल असे ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. मुळं दीड-दोन इंच झाली की लगेच मातीत, पाण्यात जास्त राहिली तर मातीत रुळायला वेळ लागतो. असे तीन शेंडे काठीभोवती एकाच कुंडीत लावा. जुलै अगदी योग्य, हवेतली ओल मुळं फुटायला मदत करते. लगेच फरक दिसणार नाही: मुळं मॉसमध्ये शिरल्यावर तीन-चार पानांनी आकार वाढताना दिसेल.

काठीच्या वर वेल पोचली की खाली वळू देऊ नका, नाहीतर पान पुन्हा लहान होतं. वरचा दीड फूट मुळांसकट कापून त्याच कुंडीत बुडाशी लावा. खालच्या खोडाला नवे फुटवे येतात.

कोकणी_मळा
उरलेले तुकडे नाल्याकाठी किंवा डोंगराच्या कडेला टाकू नका. हे झाड मूळचं फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटाचं. उष्ण, दमट रानात एका पेरावरून रुजून झाडं झाकून टाकतं. वाटून टाका, नाहीतर पूर्ण वाळवून मगच खतात घाला.